हात लावायचा नाही असं काय असतं, आणि ते कोण ठरवतं?

तळकोकणी
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून काढतोय. जरा लांबेल.

आमचं गाव तळकोकणात. नाव लिहीत नाही, कारण वाद अजून मिटलेला नाही. ग्रामदेवतेच्या देवळामागे साधारण दोन एकरांची देवराहाटी आहे, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, देवराई. आत भर दुपारी दिवेलागणीसारखा अंधार. लहानपणी चेंडू आत गेला की गेला. पडलेला आंबाही उचलायचा नाही. एकदा मी आतली वाळकी काठी बॅट म्हणून घरी आणली. आजीने ती बघितली आणि जेवणाचं ताट तसंच ठेवून मला परत पाठवलं. तिन्हीसांजेला रडत रडत मी ती काठी होती तिथे ठेवून आलो. आज पन्नाशी आली तरी ती जागा मला नेमकी दाखवता येईल.

यंदा मे महिन्यात चाकरमानी आलेले असताना देवळात बैठक झाली. जीर्णोद्धार करायचा, मोठा सभामंडप घालायचा, गाड्या लावायला जागा करायची. त्यासाठी राहाटीतली अकरा झाडं काढावी लागतील. कोणीतरी म्हणालं, देवाला विचारू. कौल लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. लोकांनी हात जोडले, विषय संपला असं वाटलं.

तेवढ्यात माझी ८१ वर्षांची आत्या खांबाला धरून उठली आणि म्हणाली, "कौल मागणारो कोण नि वाचणारो कोण, ता आदी सांगा."

कोणी काही बोललं नाही. बैठक पुढे ढकलली. तेव्हापासून मला झोप लागत नाहीये असं म्हटलं तरी चालेल. माझा प्रश्न फक्त राहाटीचा नाही. धर्मात, कायद्यात, राजकारणात आपण काही गोष्टी अनुल्लंघनीय मानतो. त्यांना ते बळ कुठून येतं? आणि ते काढून घ्यायचा अधिकार कुणाला असतो? जाणकारांनी लिहावं.

चिंचेखाली
आमच्याकडे सातारा भागात एवढा मोठा शब्द कुणी वापरत नाही. आम्ही 'शीव' म्हणतो. पण खरं सांगू? शिवेचा दगड देव म्हणून पुजणारा माणूसच दर नांगरटीला बांध चार बोटं कोरतो. माझ्या चुलत्यांनी आणि शेजाऱ्याने एकाच बांधासाठी बावीस वर्षं कोर्टात काढली. दोघंही दर आमुशाला त्याच दगडाला नारळ फोडायचे.

बकुळा
तळकोकणी, आत्यांना माझा नमस्कार सांगा.

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. महाराष्ट्रातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सुरू केला. त्यांच्या कामामुळे आमच्यासारख्यांना कळलं की आजूबाजूचं रान संपलं तरी या तुकड्यांमध्ये जुनी झाडं टिकून आहेत. गारंबीची वेल बघितली आहे का कुणी? शेंग हातभर लांब, कधी त्याहूनही मोठी, आणि वेलीचं खोड माणसाच्या मांडीएवढं. अशी वेल वाढायला कित्येक दशकं कुणीही कोयता न चालवण्याची गरज असते. त्याला दुसरा उपाय नाही.

एक विनंती. त्या अकरा झाडांची नावं लिहून काढा. 'अकरा झाडं' म्हटलं की कापायला सोपी जातात.

काळाकोट
वकील आहे, म्हणून कायद्याच्या बाजूने लिहितो. आत्यांचा प्रश्न आपल्या घटनेच्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, अतिशयोक्ती करत नाही.

घटनेच्या ३६८व्या कलमाने संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार दिला. पण मूलभूत हक्कांना हात लावता येतो का? १९६७ साली गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालय सहा विरुद्ध पाच मतांनी म्हणालं, नाही. संसदेने १९७१ साली चोविसावी दुरुस्ती करून म्हटलं, येतो. मग केशवानंद भारती. कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी, केरळच्या जमीन सुधारणा कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. तेरा न्यायमूर्ती, अडुसष्ट दिवस सुनावणी. स्वामींच्या बाजूने नानी पालखीवाला, केरळच्या बाजूने एच. एम. सीरवई. दोघेही मुंबई हायकोर्टात वाढलेले. निकाल २४ एप्रिल १९७३, सात विरुद्ध सहा. संसद कुठलंही कलम बदलू शकते, पण घटनेची मूळ चौकट मोडू शकत नाही.

आता गंमत बघा. 'मूळ चौकट' हे शब्द घटनेत कुठेही लिहिलेले नाहीत. न्यायाधीशांनी ते घटनेत वाचले. म्हणजे कौल मागणारी संसद, वाचणारं न्यायालय. आत्या नेमकं हेच विचारतायत.

रोमहर्ष
काळाकोट, फार सुंदर मांडलंत. पण एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर?

काळाकोट
तर आज आपण वेगळ्या देशात राहत असतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. निर्णायक मत न्या. हंसराज खन्ना यांचं मानलं जातं. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्या. ए. एन. रे यांना सरन्यायाधीश नेमण्यात आलं. नोव्हेंबर १९७५मध्ये, आणीबाणी चालू असताना, त्यांनी हा निकाल पुन्हा तपासायला तेरा जणांचं पीठ बसवलं. पालखीवाला दोन दिवस बोलले आणि रे यांनी ते पीठ बरखास्त केलं. एवढ्या बारीक दोरीवर ही चौकट तेव्हा लटकत होती.

आजोबा_दादरचे
मी तेव्हा बँकेत नोकरीला होतो. पेपरात काय छापायचं ते वरून ठरायचं. असल्या सुनावणीची चर्चा आम्ही लोकलमध्ये हळू आवाजात करायचो. आज तुम्ही मोकळेपणी लिहिताय, वाचून बरं वाटतं.

पूलपलीकडे
पुण्यात रोज म्हात्रे पुलावरून जाणारे इथे कितीजण आहेत? माझ्या मुलीने परवा विचारलं, "बाबा, म्हात्रे कोण?"

रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅममध्ये भारताचे राजनैतिक अधिकारी होते. फेब्रुवारी १९८४मध्ये मुलीच्या वाढदिवसासाठी घरी निघालेले असताना त्यांचं अपहरण झालं. भारतात कैदेत असलेल्या काश्मिरी फुटीरतावादी मकबूल बटला सोडा, अशी अपहरणकर्त्यांची मागणी होती. पुढे म्हात्रेंचा मृतदेहच सापडला. दूताला हात लावायचा नाही हा जगातला बहुधा सगळ्यात जुना आंतरराष्ट्रीय नियम. सुंदरकांडात रावण हनुमंताला मारायला निघतो तेव्हा बिभीषण त्याला हेच सांगतो, दूत अवध्य असतो. रावणसुद्धा ऐकतो. शेपूट पेटवतो, पण जीव घेत नाही. म्हात्रेंच्या बाबतीत तेवढंही पाळलं गेलं नाही.

मुलीला हे सांगितलं तर ती पूल संपेपर्यंत गप्प होती.

मांडवीकाठ
पूलपलीकडे, वाचून अंगावर काटा आला. एवढ्या वेळा गेलोय त्या पुलावरून, माहीत नव्हतं.

सातासमुद्रा
दूतावासाबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकते: दूतावास म्हणजे त्या देशाची जमीन. तसं नाही. जमीन यजमान देशाचीच असते, फक्त दूतावासाच्या प्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाचं कोणी आत पाऊल टाकू शकत नाही. १९६१च्या व्हिएन्ना कराराचं बाविसावं कलम. आणि यात आगीचाही अपवाद नाही! १९६३च्या वाणिज्य दूतावासांबद्दलच्या करारात आग लागली तर संमती आहे असं धरता येतं. दूतावासांच्या करारात तेवढीही फट ठेवलेली नाही. अग्निशामक बंब दारात उभा असला तरी आधी विचारायचं.

त्यामुळेच तेहरानमध्ये नोव्हेंबर १९७९मध्ये अमेरिकेचा दूतावास ताब्यात घेऊन ४४४ दिवस माणसं डांबली तेव्हा जग हादरलं. आणि एप्रिल २०२४मध्ये इक्वेडोरच्या पोलिसांनी क्विटोमधल्या मेक्सिकोच्या दूतावासात घुसून तिथे आश्रय घेतलेल्या माजी उपराष्ट्राध्यक्षांना उचललं, तेव्हा एरवी एकमेकांशी भांडणारे देशसुद्धा एका सुरात निषेध करत होते. कारण प्रत्येकाचा स्वतःचा दूतावास दुसऱ्याच्या शहरात उभा आहे.

चिंचेखाली
म्हणजे बांधाचंच तत्त्व. मी तुझा कोरला तर तू माझा कोरशील.

सातासमुद्रा
अगदी तेच!

घरची_सून
आमच्या घरी फ्रिजमधली सासूबाईंची आंब्याच्या लोणच्याची बरणी अनुल्लंघनीय आहे. व्हिएन्ना करार नाही, पण आगीचा अपवाद तिथेही नाही. :)

निळी_ओढणी
धागा वाचतेय, आवडतोय. पण एक गोष्ट सगळ्यांच्या लिहिण्यातून निसटतेय, आणि ती मला गप्प बसू देत नाही.

'हात लावायचा नाही' हे वाक्य माझ्या पणजीने आयुष्यभर ऐकलं. पाण्याला, देवळाच्या पायरीला, दुकानातल्या तराजूला. तेव्हाही ती धर्माची अनुल्लंघनीय रेषाच होती आणि पाळणारे अगदी मनापासून पाळत होते. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर ते तळं पंचगव्याने 'शुद्ध' केलं गेलं. सरकारने आणि नगरपालिकेने तळं आधीच सगळ्यांना खुलं केलेलं होतं, बरं का. कायद्याने उघडलेलं, रूढीने बंद ठेवलेलं. मग दहा वर्षं खटला. मार्च १९३७मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की ही रूढी अनादी काळापासूनची आहे हे सिद्धच होत नाही. २ मार्च १९३०ला नाशिकच्या काळारामासमोर सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही.

म्हणून तळकोकणी, तुमच्या राहाटीबद्दल वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न हा आला: त्या बैठकीत कोण बसलं होतं आणि कोण अंगणात उभं होतं?

तळकोकणी
निळी_ओढणी, तुमचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. उत्तर सरळ देतो. बैठकीत मानकरी आणि गावकार बसले होते. आमच्या खालच्या वाडीची माणसं मंडपाबाहेर उभी होती. त्यांना कोणी अडवलं नव्हतं, पण कोणी या बसा असंही म्हणालं नव्हतं. मीही म्हणालो नाही. आत्या उठली तेव्हा सगळ्यात आधी मान हलवली ती बाहेरच्या माणसांनी. हे मला आत्ता लिहिताना आठवलं.

निळी_ओढणी
लिहिलंत याबद्दल आभार. मनापासून.

सात्त्विक_विचार
दोन गोष्टींची गल्लत होतेय. देवराई म्हणजे श्रद्धा, अस्पृश्यता म्हणजे अन्याय. एकाच तागडीत घालू नका. नाहीतर उद्या सगळ्याच परंपरा मोडीत काढाल.

निळी_ओढणी
आज वेगळं करणं सोपं आहे. १९२७ साली महाडात ज्यांनी काठ्या चालवल्या ते त्याला श्रद्धाच म्हणत होते. वेगळं करायची काही कसोटी असेल तर सांगा.

सातासमुद्रा
या ठिकाणी मला जर्मन राज्यघटनेबद्दल लिहायचंय. मी इथे वीस वर्षं राहते. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी पहिलं वाक्य पाठ केलं होतं. २३ मे १९४९ची ती घटना सुरूच होते ती माणसाच्या प्रतिष्ठेपासून, आणि तिथे शब्द आहे 'उनआनटास्टबार'. 'टास्टेन' म्हणजे चाचपणं, स्पर्श करणं. म्हणजे शब्दशः 'अस्पर्श्य'.

निळी_ओढणी, तुमचं वाचलं आणि हा शब्द एकदम वेगळाच दिसायला लागला. तिकडे हिटलरचा काळ सोसून लोक म्हणाले, माणसाची प्रतिष्ठा अस्पर्श्य. आपल्याकडे शेकडो वर्षं माणूसच अस्पृश्य ठरवला होता. त्याच सुमारास आपली घटना सतरावं कलम लिहून तो शब्द बाद करत होती. 

हे नुसतं शोभेचं वाक्य नाही. २००६ साली इथल्या घटना न्यायालयासमोर प्रश्न आला: अतिरेक्यांनी पळवलेलं प्रवासी विमान शहरावर कोसळणार असेल तर हवाईदलाने ते पाडावं का? तसा कायदा झाला होता. न्यायालयाने तो रद्द केला. आतल्या निरपराध प्रवाशांना बाहेरच्यांना वाचवायचं साधन म्हणून वापरता येणार नाही, त्यांची प्रतिष्ठा मोजायची नसते. मी त्यावर नवऱ्याशी तीन दिवस वाद घातला होता. आजही मला पूर्ण पटलंय असं नाही, पण त्या न्यायालयाबद्दल आदर वाटतो.

काळाकोट
आणि दुवा बघा. जर्मन घटनेच्या ७९व्या कलमात काही तत्त्वं कधीच बदलता येणार नाहीत असं लिहिलंय. डीट्रिश कॉनराड नावाच्या जर्मन प्राध्यापकांनी १९६५ साली बनारसमध्ये घटनादुरुस्तीच्या गर्भित मर्यादांवर व्याख्यान दिलं. तो विचार आधी गोलकनाथच्या आणि मग केशवानंदच्या युक्तिवादात आला. म्हणजे हिटलरच्या अनुभवातून शिकलेली गोष्ट बनारसमार्गे आपल्या घटनेत पोचली.

रोमहर्ष
कसोटीचं विचारलंत म्हणून. मी इतिहास शिकवतो, रोमचं वेड आहे.

इ.स.पू. ४९४च्या सुमारास रोमचे सामान्य लोक कर्जाला आणि गुलामीला कंटाळून शहर सोडून एका टेकडीवर जाऊन बसले. परत यायची त्यांची अट होती: आमचे प्रतिनिधी हवेत, आणि त्यांच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही. त्यांना ट्रिब्यून म्हणत. कोणी त्यांना इजा केली तर आम्ही सगळे त्याचा जीव घेऊ, अशी जनतेने शपथ घेतली. ते बळ कुठल्या दैवी चमत्कारातून आलं नव्हतं. हजारो साध्या माणसांच्या शपथेतून आलं होतं. बदल्यात ट्रिब्यूनवरही बंधन होतं. त्याच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं असायचं, कुठल्याही गरिबाने कधीही यावं.

मला ते उघडं दार फार आवडतं. तळकोकणींच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर तेच: ज्याला हात लावायचा नाही, त्याचं दार सगळ्यांना उघडं हवं.

काळाकोट
सुंदर. पण पुढचं पण सांगा, टिबेरियस ग्राकस या ट्रिब्यूनचं काय झालं?

रोमहर्ष
सांगतो. इ.स.पू. १३३. त्याला गरिबांना जमिनी वाटायच्या होत्या. आडवा आलेल्या दुसऱ्या ट्रिब्यूनला त्याने स्वतःच पदावरून काढलं, म्हणजे रेषा आधी त्यानेच पुसट केली. मग सिनेटरांनी बाकांचे पाय मोडून त्याला बडवून मारलं. पुढे कोण होता माहितीय? स्किपिओ नासिका, रोमचा प्रमुख धर्माधिकारी. पुढे ऑगस्टसने स्वतःच ट्रिब्यूनचे अधिकार घेतले. गरिबांची ढाल सम्राटाच्या अंगावरचा झगा झाली. वर्गात इथे पोचलो की दरवर्षी माझा आवाज जड होतो.

निळी_ओढणी
ही कसोटी मला चालेल. रेषा कुणाच्या अंगाभोवती आहे ते बघायचं. दुबळ्याभोवती असेल तर ढाल, बळकटाभोवती असेल तर भिंत.

काळाकोट
पूर्ण मान्य करता येत नाही, ताई. केशवानंद खटल्यात दुबळं कोण होतं? याचिका मठाधिपतींची, कायदा कुळांच्या बाजूचा. जमिनीच्या बाबतीत स्वामींच्या पदरात काही पडलं नाही, आणि १९७८च्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेलाही. पण त्या खटल्यातून निघालेली चौकट पुढे सगळ्यांच्या कामी आली. त्यामुळे रेषा कुणी मागितली यापेक्षा ती पुढे कुणाला वापरता येते हे महत्त्वाचं.

आणि आमदार-खासदारांचे विशेषाधिकार घ्या. सभागृहात बोलल्याबद्दल कोर्टात खेचता येत नाही, हे हवंच. पण १९९८च्या निकालाने मतासाठी लाच घेतलेल्यालाही त्याच ढालीमागे उभं केलं होतं. ४ मार्च २०२४ला सात न्यायमूर्तींनी एकमताने ते मोडलं. २६ वर्षं लागली.

निळी_ओढणी
'पुढे कुणाला वापरता येते' ही दुरुस्ती घेतली. चांगली आहे.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात सत्तरी तालुक्यात निरंकाराची राई आहे. कुणी गोव्यात आलं तर समुद्रावर जायच्या आधी तिकडे जा. जायफळाच्या कुळातली झाडं, पायाखाली दलदल आणि मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली. माझे वडील आत जाताना चपला काढायचे. मी एकदा विचारलं, देव कुठे आहे? म्हणाले, "हांगा सगलो देवच."

बकुळा
गेले आहे! त्या चिखलाचा वास अजून आठवतो. 

पूलपलीकडे
अवांतर: आपण दसऱ्याला सीमोल्लंघन करतो. म्हणजे वर्षातून एक दिवस सीमा ओलांडणं हेच पुण्य. आणि लक्ष्मणरेषा जी ऊठसूट सगळे वापरतात, ती वाल्मीकी रामायणात नाहीच.

आजोबा_दादरचे
सीमोल्लंघन दुसऱ्याच्या मुलखात स्वारीवर जाण्यासाठी होतं बाळा, स्वतःच्या घरातली रेघ पुसायला नव्हे. पण मुद्दा आवडला. शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६च्या गुढीपाडव्याला बायकांसाठी उघडला, तेव्हा माझी बायको म्हणाली, हे आमचं सीमोल्लंघन. ती गेली त्याला आता तीन वर्षं झाली.

घरची_सून
आजोबा, आजींना नमस्कार.

सात्त्विक_विचार
निळी_ओढणी, चार दिवस विचार केला. साने गुरुजींनी मे १९४७मध्ये पंढरपूरचं देऊळ सगळ्यांसाठी उघडावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं, ते माझे आजोबा सांगायचे. गुरुजी विठ्ठलाचे भक्तच होते. म्हणजे श्रद्धा असलेल्या माणसानेच ती रेषा पुसायला जीव पणाला लावला. मी गल्लत म्हटलं होतं, ते मागे घेतो.

काळाकोट
यावरून यशवंत विष्णु चंद्रचूड आठवले. १९७३ साली ते मूळ चौकटीच्या विरुद्ध बाजूला होते. १९७६ साली, आणीबाणीत, नागरिकाला बेकायदा डांबलं तरी कोर्टात दाद मागता येणार नाही म्हणणाऱ्या चौघांत ते होते. तेव्हा एकटे न्या. खन्ना विरोधात उभे राहिले. त्याच सुनावणीत पोलिसाने वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तर काय, असं खन्नांनी विचारलं होतं आणि तरीही कोर्ट काही करू शकत नाही, असं सरकारी उत्तर मिळालं होतं. खन्नांचं सरन्यायाधीशपद त्या निकालापायी गेलं.

पण १९८० साली सरन्यायाधीश म्हणून मिनर्व्हा मिल्स खटल्यात चंद्रचूडांनीच मूळ चौकट उचलून धरली. आणि १९७६चा तो निकाल चुकीचा होता असं २०१७च्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालात लिहिलं त्यांच्या मुलाने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. कौल वाचणारी माणसंच असतात. चुकतात, काही वेळा सुधारतात. म्हणून वाचणारा कोण, हे विचारत राहायला हवं.

तळकोकणी, आता तुमच्या कामाचं. राहाटीचा सातबारा काढलात का? रत्नागिरी-सिंधुदुर्गात बऱ्याच देवराहाट्या सरकारच्या नावावर आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६च्या आदेशानुसार जमीन कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जंगल असेल तर ते जंगल. परवानगीशिवाय तोड नाही. आणि १८ डिसेंबर २०२४ला त्याच न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांची, म्हणजे तिकडच्या देवरायांची, नोंद आणि मोजणी करायला सांगितलंय. तो आदेश राजस्थानपुरता असला तरी अर्जात जोडा.

बकुळा
आणि झाडांची नावं?

तळकोकणी
दोन आठवडे गायब होतो, गावी होतो. सगळं सांगतो.

सातबारा काढला. भोगवटादार सदरात 'महाराष्ट्र शासन' आणि खाली 'देवराहाटी' असं लिहिलेलं. जी जागा आमच्या देवाची म्हणून आम्ही कौल लावला, ती कागदावर आमची नव्हतीच. गावात हे वाचून दाखवलं तर काहींना राग आला. "मग एवढी वर्षं राखली कोणी?" हा त्यांचा सवाल खराच आहे. सरकारचा माणूस त्या राहाटीत कधी फिरकलेला मी पाहिलेला नाही.

बकुळाताई, खालच्या वाडीतल्या एका माणसाला सोबत घेऊन झाडं बघितली. माझ्या वयाचाच. नावं त्याला माहीत होती, मला चारच ओळखता आली. सातवीण तीन, बेहडा दोन, सुरंगी दोन, हिरडा, आंबा, काजरा, आणि एक झाड ज्याला तो 'म्हातारो' म्हणतो, त्याचं नाव त्यालाही माहीत नाही. फोटो पाठवतो. त्याने सांगितलं की त्याचे आजोबा राहाटीची राखण करायचे. आग लागू नये म्हणून दर उन्हाळ्यात कडेचा पाचोळा ओढायचे. राखण त्यांची, पण कौलाच्या वेळी उभं राहायला जागा पायरीखाली.

निळी_ओढणी, परवाच्या बैठकीत आत्याने आधी त्यांना आत बोलावून बसवलं. तीन माणसं उठून गेली. बाकीची बसली. मग आत्या म्हणाली, कौल परत लावूचो नाय, देव एकदा बोललो तो बोललो. पण देवान झाडा काढूक सांगल्यान, की तुमी इचारलास म्हणान हो म्हटल्यान? गुरव बराच वेळ खाली बघत होता. शेवटी म्हणाला, गाऱ्हाण्यात मी 'सभामंडप होवदे' एवढंच म्हटलं होतं, झाडांचं नाव घेतलंच नव्हतं.

ठरलं ते असं. मंडप होणार, पण पुढच्या अंगाला, लहान. गाड्या शाळेच्या मैदानात. राहाटीची हद्द मोजून तिथे जांभ्याची गडग्यासारखी ओळ लावायची, म्हणजे दर जीर्णोद्धाराला ती दोन हात आत सरकणार नाही. वनखात्याला आणि तहसीलदारांना अर्ज काळाकोटांनी सांगितल्याप्रमाणे केलेत. विरोध संपलेला नाही, उठून गेलेले तिघं गणपतीत पुन्हा विषय काढणार आहेत.

पंधरवड्यानंतरच्या रविवारी मोजणी आहे. बकुळाताई, येताय ना? 'म्हातारो' कोण ते तुम्हीच ओळखा. येताना लांब दोर आणा, आमच्याकडचा राहाटीच्या अर्ध्यातच संपला.

बकुळा
येते. पन्नास मीटरचा आहे माझ्याकडे. चपला कुठे काढायच्या तेवढं सांगा.